खुलासा: भाषा-धर्मानुसार मतदानाचा 'आयोगाचा' तक्ता खोटा आहे

नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक तक्ता फिरतोय. ऐरोली आणि बेलापूरमध्ये मराठी, गुजराती, उत्तर भारतीय, मुस्लिम मतदारांनी किती टक्के मतदान केलं आणि कोणाला, असं त्यात आहे. खाली 'निवडणूक आयोगाची आकडेवारी' असं लिहिलंय. अशी आकडेवारी आयोगाकडे नसतेच.

मतदार यादी उघडून बघा: नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग. धर्म, जात, मातृभाषा कुठेच नाही. मतदान केंद्रावरचा अधिकारी यादीतल्या नोंदीवर रेघ मारतो, मतदार स्त्री असेल तर आणखी एक खूण करतो. म्हणून स्त्री-पुरुष मतदान वेगळं कळतं, धर्म-जात-भाषेनुसार नाही. उमेदवारांची मतं फॉर्म २० मध्ये, म्हणजे अंतिम निकालाच्या तक्त्यात, केंद्रनिहाय मिळतात, समाजनिहाय नाही. आडनावावरून कोणी अंदाज बांधला असेल, तर तो त्याचा अंदाज.

शिवाय कुठे कोणत्या समाजाची किती वस्ती, याचे हिशेब २०११ च्या जनगणनेवरचे. त्यानंतर घणसोली केवढी वाढली! आणि मतदानाचा टक्का घसरण्यामागे घर बदलून गेलेल्यांची यादीत राहिलेली नावंही असतात, भाडेकरूंच्या या शहरात तर हमखास. त्याचं खापर शेजाऱ्याच्या समाजावर फोडणं मला फार अन्यायाचं वाटतं.

कृपया तो तक्ता पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.