व्हीलबेस वाढवायच्या आधी बॅटरी पुढे सरकवा

हल्ली आरसी क्रॉलर (रिमोटवर दगड चढणारी छोटी गाडी) घेतला की पोरं पहिल्या महिन्यातच लांब लिंकचा, म्हणजे चासीला एक्सलशी जोडणाऱ्या दांड्यांचा, सेट मागवतात. गाडी चढावर मागे उलटते, कुणीतरी सांगतं "व्हीलबेस वाढव" (म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर; लांब लिंक घातल्या की ते वाढतं), आणि बाहेरून येणाऱ्या सेटवर कस्टम ड्युटीसकट पैसे जातात. सोलापुरात हा छंद आता बऱ्यापैकी रुजलाय. यातली बरीच पोरं पगारातून पैसे साठवून गाडी घेतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. माझं स्पष्ट मत आहे की व्हीलबेस सगळ्यात शेवटी बदलायचा. त्याआधी वजन कुठे आहे ते बघा.

गाडी मागे उलटणार की नाही, हे दोन मापांवर ठरतं: गुरुत्वमध्य मागच्या एक्सलपासून किती पुढे आहे आणि जमिनीपासून किती उंच आहे. समजा गाडी अडीच किलोची आहे, व्हीलबेस ३१३ मिमी, वजन पुढे-मागे निम्मं निम्मं, आणि गुरुत्वमध्य ९० मिमी उंचीवर. म्हणजे तो मागच्या एक्सलच्या साधारण १५६ मिमी पुढे आला. ही गाडी जवळपास ६० अंशांच्या चढावर मागे उलटते. आता व्हीलबेस ३३५ केला तर हाच कोन ६२ च्या आसपास जातो. एवढ्या खर्चात दोनच अंश! तीच गाडी ३१३ वरच ठेवा आणि २०० ग्रॅमची बॅटरी १५० मिमी पुढे, सर्व्होच्या (स्टिअरिंग फिरवणाऱ्या मोटरच्या) मागे आणून बसवा. गुरुत्वमध्य १२ मिमी पुढे येतो आणि कोन तोच, ६२ अंश. खर्च एका वेल्क्रो पट्टीचा. त्यावर पुढच्या नकलला (चाक ज्यावर वळतं त्या भागाला) पितळी वजनं लावून पुढचा भार ६० टक्क्यांवर नेला, तर ६४ च्याही थोडं वर जाता येतं. वजन एक्सलला लागल्यामुळे गुरुत्वमध्य खाली येतो, तो फायदा वेगळाच.

हे घरी मोजता येतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, पुढची दोन्ही चाकं त्यावर ठेवा आणि मागची चाकं काट्याच्याच उंचीच्या वह्यांवर. पुढचा आकडा भागिले एकूण वजन. हा आकडा माहीत नसताना लिंक मागवू नका, अगदी हात जोडून सांगतो.

लांब व्हीलबेसची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. पोटाखाली ७५ मिमी जागा धरली तर ३१३ च्या गाडीचा ब्रेकओव्हर अँगल (पोट न टेकता उंचवटा ओलांडता येतो तो कोन) ५१ अंशांच्या आसपास येतो, ३३५ च्या गाडीचा ४८. वळायला लागणारी जागाही त्याच प्रमाणात, म्हणजे ७ टक्क्यांनी वाढते. आपल्याकडचा दगड बघा. शहराबाहेरच्या जुन्या खाणींमध्ये फोडलेला काळा बेसाल्ट आहे. धारदार कडा, धोंड्यांमध्ये अरुंद फटी, एका दगडावरून उतरलं की लगेच दुसरा समोर. अशा ठिकाणी गाडी पोटावर अडकते आणि वळताना अडकते. उलटायची वेळ त्या मानाने कमी येते. लांब गाडीचा खरा उपयोग सलग उभ्या पायरीवर, जिथे मागची चाकं पायरीला भिडायच्या आत पुढची वर पोचून पकड घेतात. तशा पायऱ्या आपल्या खाणीत मोजक्याच आहेत. ॲक्सियलच्या एससीएक्स१०-२ चा व्हीलबेस ३१३ आणि ट्रॅक्सासच्या टीआरएक्स-४ स्पोर्टचा ३१२ आहे. आपल्या दगडाला हे माप बरोबर बसतं. टीआरएक्स-४ डिफेंडर ३२४ ची येते. ती कापून छोटी करायची काही गरज नाही, पण ३१३ वाल्याने ३२४ च्या मागेही लागू नये.

आता लिंकच्या लांबीकडे येतो, कारण खरी गडबड तिथे होते. वरची लिंक म्हणजे अप्पर, खालची म्हणजे लोअर. खाणीवर एका पोराचा मागचा ड्राइव्ह शाफ्ट (एक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा) सारखा तुटत होता.

"अप्पर बदलल्यास का?"

"नाही दादा, त्या चांगल्या होत्या की. फक्त लोअर १० मिमी लांब घातल्या."

गाडी उलटी केली तर पिनियन (एक्सलचं शाफ्ट जोडायचं टोक) दगडाकडे तोंड करून बसलेला. त्याच्या एक्सलवर अप्पर आणि लोअरच्या भोकांमध्ये ३५ मिमी अंतर होतं. खालचं भोक १० मिमी मागे ढकललं आणि वरचं जागेवर राहिलं, की एक्सल १६ अंशांनी फिरतो आणि पिनियन खाली झुकतो. शाफ्टचा कोन वाढतो, युनिव्हर्सल जॉइंट अडखळतो, आणि वरून पिनियनचं नाक प्रत्येक दगडाला लागतं. पुढच्या एक्सलला हेच केलं तर पिनियन खाली जातोच, शिवाय कॅस्टरही (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा कल) वाढतो. म्हणून लोअर बदलली की अप्परचं माप नव्याने काढायचं, त्यात कंटाळा नको. एम३ (३ मिमी आट्याच्या) रॉड एंडचा, म्हणजे लिंकच्या टोकाला फिरवून बसवायच्या भोकाच्या तुकड्याचा, एक पूर्ण फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर. डाव्या आणि उजव्या लिंकमध्ये दोन फेऱ्यांचा फरक राहिला तरी एक्सल तिरका बसतो, म्हणून वर्नियर लावूनच जोड्या जुळवा.

मला लोअर जमेल तितकी लांब आवडते आणि अप्पर तिच्या पाऊण ते ८० टक्के. अप्पर फार आखूड केली की सस्पेन्शन वर-खाली होताना पिनियनचा कोन झपाट्याने बदलतो.

लांबीइतकंच महत्त्व लिंक चासीवर कुठल्या भोकात बसते याला आहे, आणि तिकडे कुणी बघत नाही. गाडी सपाट फरशीवर ठेवा, मोबाइल चाकाच्या उंचीवर धरून अगदी बाजूने फोटो काढा, आणि त्या फोटोवर मागच्या अप्पर-लोअरच्या रेषा पुढे वाढवा. त्या जिथे मिळतात तो बिंदू बघा. मागचं चाक जमिनीला टेकतं तिथून या बिंदूकडे जाणारी रेषा जितकी जास्त उभी, तितका अँटी-स्क्वॉट (थ्रॉटल देताना मागचं अंग बसू न देणारा जोर) जास्त. तो फार झाला की थ्रॉटल देताच गाडीचं मागचं अंग वर उचलतं आणि चढावर चाकं उड्या मारतात. फार कमी झाला की मागचं अंग बसतं आणि पुढची चाकं हलकी होतात. अप्परचं चासीकडचं टोक एक भोक वर घेतलं की दोन रेषा समांतर व्हायला लागतात आणि अँटी-स्क्वॉट उतरतो. चढावर उड्या मारणाऱ्या कित्येक गाड्या या एका भोकाने शांत होतात. त्यासाठी एक ॲलन की लागते, बस.

पुढच्या बाजूला सर्व्हो चासीवर असेल तर पॅनहार्ड रॉड (एक्सल आडवा सरकू न देणारी दांडी) आणि ड्रॅग लिंक (सर्व्होपासून चाकाकडे जाणारी दांडी) सारख्या लांबीच्या आणि एकमेकींना समांतर हव्यात. नाहीतर सस्पेन्शन दबलं की स्टिअरिंग आपोआप फिरतं. सर्व्हो एक्सलवर असेल तर ही कटकट नाही.

एवढं सगळं करून, वजनकाटा लावून, भोकं बदलून मग एखाद्याला वाटलं की लिंक बदलायच्याच आहेत, तर बाहेरून मागवायची गरज नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग करणारे टर्नर आहेत. ६ मिमी स्टेनलेसचा रॉड कापून दोन्ही टोकांना एम३ चा आटा पाडून देणं त्यांच्या हातचा मळ आहे. लोअर स्टीलच्याच करा. मऊ ॲल्युमिनियमला दगड चावतो, स्टील त्यावरून घसरत जातं, आणि वजनही खालीच राहतं. टर्नरकडे जाताना रॉड एंडच्या भोकाच्या मध्यापासून दुसऱ्या भोकाच्या मध्यापर्यंतचं माप लिहून न्या आणि रॉड एंड सोबत ठेवा. नुसत्या रॉडची लांबी सांगितली तर रॉड एंडचं माप धरायचं राहून जातं. कुणाला मापं काढायला मदत हवी असेल तर रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत खाणीवर या. काटा आणि वर्नियर मी आणतोच, पण बॅटरी आधी पुढे सरकवून या.