अंगठा मशीनमध्ये गेला, कागदावर मात्र ‘घरी लागलं’

सिंधुदुर्गात चिरेखाणीवर (जांभ्या दगडाच्या खाणीवर) कटर मशीनच्या पट्ट्यात हात गेला की मुकादम जखमीला गाडीत घालून ग्रामीण रुग्णालयात नेतो. इथवर ठीक. पण तिथे डॉक्टरांनी विचारल्यावर हाच माणूस पुढे होऊन सांगतो, ‘घरी कोयती लागली.’ केसपेपरवर तेच उतरतं आणि मालकावरच्या भरपाईच्या दाव्याचा निम्मा जीव तिथेच जातो. पुढे मालकाचा वकील दुसरं काही करत नाही, तो एक कागद नाचवतो. अरे, हात ज्याचा तुटलाय त्याला बोलू द्या ना! ‘कामावर, अमक्या खाणीत, मशीनवर’ एवढंच लिहून घ्यायचं, एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर केस) नोंद करा म्हणून सांगायचं आणि कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा. मालकालाही लगेच लेखी कळवायचं, पोच घेऊन किंवा रजिस्टर पोस्टाने.

मग दुसरं नाटक. ‘हा आमचा माणूसच नाही.’ हजेरीपट नाही, पगारपत्रक नाही, सगळा रोखीचा कारभार. मुकादमाने कधी गूगल पेवर उचल पाठवली असेल तर ते स्क्रीनशॉट, चिऱ्यांच्या हिशोबाची वही, सोबतच्या दोघांचे जबाब, हे आठवड्याच्या आत गोळा झालं नाही तर गेलं. पावसाळ्यात खाणी बंद होतात, माणसं पांगतात. आणि ‘ठेकेदाराचा माणूस आहे, त्याला विचारा’ हे ऐकून परत फिरू नका. ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मूळ मालकाकडूनही मागता येते, मग त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी.

सगळ्यात डोकं फिरवणारी आहे ती गावकीची तडजोड. ‘मिटवन टाकूया मरे, कोर्टाक खंय जातलंस?’ वीस हजार हातावर, स्टॅम्पपेपरवर सही, विषय संपला. किती वीस हजार? हिशोब बघा. वय 30, पगार 15,000. (जास्त असला तरी 2020 पासून 15,000 च धरतात.) कायद्याने त्याचे 60 टक्के धरायचे, म्हणजे 9,000. कायद्यात वयानुसार गुणांक दिलेत, तिसाव्या वर्षाचा 207.98. गुणाकार 18,71,820. अंगठा पूर्ण गेला तर कायद्याच्या परिशिष्टात, म्हणजे इजांच्या यादीत, 30 टक्के, म्हणजे 5,61,546 रुपये. उपचाराचा खर्च वेगळा. एका महिन्यात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि कारण पटलं नाही तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. हक्क सोडून दिला म्हणून घेतलेली सही कायद्यात रद्दबातल आहे. म्हणून सही झालेल्यानेही गप्प बसू नये, फक्त दोन वर्षांच्या आत दावा लावावा.

‘चूक त्याचीच, मशीनची संरक्षक जाळी त्यानेच काढली’ हेही ठरलेलं. कामगाराची नुसती बेफिकिरी म्हणजे मालकाची सुटका नव्हे. त्याने जाणूनबुजून जाळी काढली किंवा तो दारू प्यायलेला होता, तर गोष्ट वेगळी. पण मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला तर तीही सबब चालत नाही. आणि जाळी मुळात मशीनवर होती का, हे कुणी विचारतं?

दाखल्याचा घोळ तर विचारूच नका. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढायला लोक जिल्हा रुग्णालयात हेलपाटे घालतात. ते बस-रेल्वेच्या सवलतीला ठीक. परिशिष्टातल्या इजेला टक्के ठरलेलेच आहेत. परिशिष्टात नसलेल्या इजेला कमाईची क्षमता किती गेली ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावं लागतं. मनगट 20 टक्के वाकत नाही हे एक, आणि त्या हाताने चिरा उचलता येत नाही हे दुसरं. हे समजावणारा कुणी भेटत नाही, म्हणून तारखांवर तारखा पडतात.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे किंवा मिरजोळ्याच्या कारखान्यात ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर हा रस्ताच नाही, पैसे ईएसआयकडूनच. मग मालकाने अपघाताचा अहवाल पाठवला का, हे बघायचं. ही भरपाई देणाऱ्या 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याची जागा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, म्हणून ‘तो कायदाच आता नाही’ अशी नवी थाप सुरू होईल. मालकाची जबाबदारी कुठेही गेलेली नाही.

आणि खाणीवर कामाला आलेल्या विजापूरच्या माणसाने दाव्यासाठी सिंधुदुर्गात खेपा घालायची गरज नाही. तो राहतो तिथेही दावा लावता येतो. त्याला गावच्या एसटीत बसवून देताना मुकादम हे मुद्दाम सांगत नाही.