स्कॅनर पुन्हा अडकला

अंबडच्या गोडाऊनमध्ये आज परत तेच. चौथ्या गल्लीपर्यंत मालाचे नंबर वाचणारा हातातला स्कॅनर नीट चालतो, कोपऱ्यावर वळलं की स्क्रीनवर ते चाक फिरत बसतं. पिकिंगवाला पोरगा एका हातात खोकं धरून उभा, मागे ट्रॉल्यांची रांग. आणि फोन मला, "दादा, वायफाय गेलं."

अरे, वायफाय गेलेलं नसतं! डोक्यावर ॲक्सेस पॉइंट आहे, म्हणजे वायफाय सोडणारं यंत्र. पण स्कॅनर अजून गेटजवळच्या पॉइंटलाच चिकटलेला. कुठला पॉइंट सोडायचा आणि कुठला धरायचा हे शेवटी स्कॅनर ठरवतो. किती वेळा सांगायचं? तरी दरवेळी एकच हुकूम, पॉवर वाढवा, अजून एक पॉइंट लावा. पॉवर वाढवली की लांबचा पॉइंटही त्याला जोरात ऐकू येतो, मग तो कशाला सोडेल? आणि स्कॅनरचा रेडिओ एवढासा, त्याचा आवाज उलट तिथवर पोचत नाही. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. किती पॉइंट कोंबणार त्यात?

सिग्नल कुठे किती पोचतो याचा सर्व्हे झाला तेव्हा रॅक रिकामे होते. आता छतापर्यंत तेलाचे पत्र्याचे डबे, सिग्नल अडवणारे.

स्कॅनरमधली रोमिंगची, म्हणजे एक पॉइंट सोडून दुसरा कधी धरायचा त्याची, सेटिंग बदलायची परवानगी मी तीन महिने मागतोय, मिळत नाही. उद्या सकाळी ६ ला गाड्या लागतील आणि पॅकिंगच्या ताई पुन्हा कागदावर नंबर उतरवत बसतील.