अर्ध्या दिवसाची नोकरी

नोकरी नव्हती तेव्हा लग्नाकार्यात लोक विचारायचे, "काय करून राहिला आजकाल?" आता सांगतो की नागपुरात गांधीबागेत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात चार तास जातो, तर विचारतात, "आणि बाकीचा दिवस?" चार तासांची नोकरी हीसुद्धा नोकरीच, हे आपल्या गावाला काही केल्या पटत नाही. त्यावर थोडं लिहायचं आहे. लांबेल, चहा घेऊन बसा.

मला सिकलसेल आहे. एसएस, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही दोष आलेला. विदर्भातल्या मंडळींना फोड करून सांगायला नको, पण यादीत पुण्या-मुंबईचेही मित्र आहेत म्हणून सांगतो. यात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. पुढच्या भागाला रक्त पोचत नाही. मग जे दुखणं सुरू होतं त्याला क्रायसिस म्हणतात. आई-वडील दोघंही वाहक, म्हणजे एएस, असले की प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, उलट मलेरियापासून थोडं संरक्षणच मिळतं. म्हणून तर हा दोष मलेरियाच्या पट्ट्यांत पिढ्यानपिढ्या टिकून राहिला. पूर्वजांच्या मलेरियाचं बिल माझ्या नावावर आलं, एवढंच.

क्रायसिस पाणी कमी पडलं की येतो, गारठ्यानं येतो, तापानं येतो, दगदगीनं येतो आणि कधी कधी काहीच कारण नसताना येतो. नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या आसपास, डिसेंबर-जानेवारीची पहाट १० च्या खाली. म्हणजे वर्षातले दोन मोसम तसेही आमच्या पार्टीत नाहीत. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सुरू झाल्यापासून क्रायसिस बरेच कमी झाले, पण तोवर उजव्या खुब्याचं हाड रक्ताअभावी खराब झालं होतं. हिंगणा एमआयडीसीतली अकाउंट्सची नोकरी त्याच काळात गेली. सोडली म्हणा, सोडायला लावली म्हणा. रजा संपल्या की दोन्हीत फारसा फरक राहत नाही.

मग काही वर्षं घरी. बायकोच्या शिलाई मशीनवर घर चाललं आणि माझा मोबाईलचा रिचार्जसुद्धा. त्या काळाबद्दल एकच सांगतो. दुखतं तेव्हा निदान पडून राहायला कारण असतं. बरा असलेला दिवसच जास्त खायला उठायचा.

लोकांना वाटतं, अशा माणसाला काम झेपत नाही. साफ चूक. महिन्यातले बहुतेक दिवस मी टॅलीवर, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर, कुणाच्याही बरोबरीनं नोंदी करतो, मेळ घालतो, चुका शोधतो. मला न जमणारी गोष्ट एकच आहे. उद्या सकाळी दहा ते संध्याकाळी सहा मी त्या खुर्चीत असेन, असा शब्द आज देता येत नाही. आणि आपल्याकडे मालक पगार देऊन नेमका तोच शब्द विकत घेतो. काम किती झालं हे नंतर बघतात, आधी हजेरी.

म्हणून पार्ट टाइम शोधायला लागलो. राजेहो, नागपुरात पार्ट टाइमच्या जाहिराती भरपूर आहेत, पार्ट टाइम काम मात्र शोधून सापडत नाही. एका शाळेला "अर्धवेळ क्लार्क" हवा होता. वेळ सकाळी नऊ ते चार, पगार मात्र खरोखरच अर्धा. एका कोचिंग क्लासला फ्रंट डेस्कवर माणूस हवा होता, रोज पाच तास, रविवारी दिवसभर, कारण टेस्ट सिरीज. एका औषध दुकानात चार तास म्हणाले, पण ते चारही उभ्यानं. माझ्या खुब्यानं तिथंच हात जोडले. "घरबसल्या टायपिंग करा, रोज हजारो कमवा, आधी नोंदणी फी भरा" ही जमात तर तुम्हालाही माहीत आहे. काम द्यायच्या आधी पैसे मागणारा काम देत नसतो, घेत असतो. नातेवाईकही मागे नव्हते. एका भाऊजींनी खास भेटायला बोलावून तासभर साखळी मार्केटिंगचा प्लॅन ऐकवला. "तब्येत सांभाळून करता येतं रे, बसल्या जागी." बसल्या जागी मी ओळखीपाळखीच्या लोकांच्या खिशात हात घालायचा, असा तो प्लॅन.

मुलाखतीत मधल्या वर्षांचं काय सांगायचं, हा वेगळा पेच. "घरचा बिझनेस बघत होतो" असं सांगा, हा सल्ला सगळ्यांनी दिला. खरं सांगितलं तर दोन गोष्टी होतात. पहिली अपेक्षितच, माणूस फाईल बंद करतो. दुसरी गोष्ट विदर्भाबाहेर कळायची नाही. इथं हा आजार आदिवासी, दलित आणि काही ओबीसी समाजांत जास्त आढळतो आणि हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे तुम्ही सिकलसेल म्हणालात की समोरच्याच्या डोळ्यांत आधी डॉक्टर दिसतो, मग तलाठी. आडनावावरून जो अंदाज अर्धवट राहिला असेल तो रक्तावरून पूर्ण केला जातो. तोंडानं कुणी काही बोलत नाही. "कळवतो" म्हणतात.

सरकारी नोकरीचं का बघत नाही, असंही विचारतात. बघितलं ना! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मानलं आहे आणि त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमियाबरोबर सिकलसेलही आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागांसाठी आम्ही पात्र. पण नोकरीतल्या ४ टक्क्यांचं कलम ३४ उघडा. अंध आहेत, कर्णबधिर आहेत, अस्थिव्यंग आहेत, मानसिक आजार आणि स्वमग्नता आहे. रक्ताचे आजार त्या यादीत नाहीत. म्हणजे शिका आमच्या कोट्यातून, नोकरी शोधा आपापली. आता गंमत बघा. उद्या माझा खुबा पुरेसा बिघडला आणि अस्थिव्यंगाचं ४० टक्के प्रमाणपत्र मिळालं, तर मी त्या यादीत बसू शकतो. रक्तासाठी आरक्षण नाही, त्याच रक्तानं हाड खाल्लं की आहे.

आताचं काम कुठल्याही पोर्टलवरून मिळालं नाही. जुन्या कंपनीतला एक मित्र मालाची बिलं घेऊन या ऑफिसात जायचा. साहेब त्याच्यापाशी रडगाणं गायले की तारखा आल्या की माणूस कमी पडतो आणि तारखा गेल्या की तोच माणूस मोबाईल बघत बसतो. जीएसटी भरणाऱ्यांना हे कॅलेंडर पाठ असतं. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांची विक्रीची माहिती ११ तारखेपर्यंत, ३बी रिटर्न, म्हणजे महिन्याचा गोषवारा आणि कर, २० तारखेपर्यंत. गांधीबाग-इतवारीचे व्यापारी बिलं देणार आठ-नऊ तारखेला, तीही पिशवीत कोंबून, एखाद्यावर चहाचा डाग. ५ ते २० तारीख नुसती धावपळ, नंतर शांतता. या धंद्याला महिनाभराचा पूर्ण माणूस लागतच नाही. तास लागतात, आणि ते काही ठरावीक दिवसांतच. मित्रानं ते नेमकं ओळखलं आणि माझं नाव सुचवलं.

मी पहिल्याच भेटीत आजार सांगितला, नावानिशी. साहेब थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "दहा तारखेला दुखलं तर?" इतक्या वर्षांत मला विचारलेला हा सगळ्यात सभ्य प्रश्न. कारण त्यात माझी जात नव्हती, दया नव्हती, नुसतं कामच होतं.

त्याचं उत्तर आम्ही दोघांनी बसून काढलं, आणि हे लिहिण्याचा मूळ उद्देश तोच आहे. ऑफिसात आधीपासून एक ताई अर्धा दिवस यायच्या, त्यांचं मूल लहान आहे. आता त्या सकाळी, मी दुपारनंतर. पक्षकार वाटून घेतले नाहीत, मुद्दाम. प्रत्येक फाईल दोघांनाही माहीत. टेबलावर एक वही आहे. कुणाची खरेदीची बिलं यायची आहेत, कुणाचं २बी (पोर्टलवरचा खरेदीच्या कराचा तक्ता) जुळत नाही, कुणाला फोन झाला, सगळं जाताना त्यात लिहून जायचं. माझा क्रायसिस आला की ताई वही उघडून पुढं सुरू करतात, त्यांच्या पोराला ताप आला की मी. हजेरी दिवसाची मोजत नाही, महिन्याचे तास मोजतो. कमी पडले तर महिनाअखेरीच्या शांत दिवसांत घरून नोंदी करून भरून काढायचे. एक पूर्ण माणूस आजारी पडला असता तर साहेबांचं काम ठप्प झालं असतं. दोन अर्ध्यांमुळे ते अजून एकदाही अडलेलं नाही.

मेट्रोचाही यात वाटा आहे, उगाच कौतुक नाही. इंदोरा चौकातून ऑरेंज लाईन, सीताबर्डीला बदलून अ‍ॅक्वा लाईन, अग्रसेन चौकात उतरायचं. लिफ्ट असल्यामुळे जिने चढावे लागत नाहीत आणि मे महिन्यात ऑटोत भाजून निघावं लागत नाही. पूर्वीसारखं दोन शेअर ऑटो बदलत गेलो असतो तर ही नोकरी पहिल्या उन्हाळ्यातच संपली असती.

आता पगाराचं. अर्धवेळ म्हणजे मालकाच्या मर्जीनं काहीतरी हातावर ठेवायचं, असा सर्वसाधारण समज आहे. आपल्या राज्यात दुकानं आणि व्यापारी आस्थापनांच्या किमान वेतनाच्या अधिसूचनेत अर्धवेळ कामगाराचा हिशेब स्पष्ट लिहिलेला आहे. दिवसाच्या किमान वेतनाला ८ नं भागायचं आणि येईल त्यावर १५ टक्के वाढवून तासाचा दर धरायचा. समजा दिवसाचे ४८० असतील तर तासाचे ६० नाहीत, ६९. अर्धवेळ माणूस तासाला स्वस्त नाही, महाग धरला आहे, आणि ते योग्यच आहे. कारण प्रवास त्याचाही तेवढाच, आणि उरलेला अर्धा दिवस विकायला दुसरं गिऱ्हाईक मिळत नाही. मी हे साहेबांना दाखवलं तेव्हा ते हसून म्हणाले, "तू तर माझाच वकील निघाला." पण दर त्या हिशेबानं लावला.

एक गोष्ट मात्र अजून टोचते. कर्मचारी राज्य विम्यात आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. माझ्यासारख्याला याहून उपयोगी काय? पण आमच्या सहा डोक्यांच्या ऑफिसाला तो कायदा लागू नाही. तो जिथं आहे त्या मोठ्या कारखान्यांत मला आठ तासांच्या पाळीत घेणार नाहीत. ज्याला आजारपणाची रजा सगळ्यात जास्त लागते तोच माणूस रजा नसलेल्या जागी जाऊन पोचतो.

नागपुरात माझ्यासारखे कमी नाहीत. कुणाचं डायलिसिस, कुणाचा संधिवात, कुणाची केमो होऊन गेलेली. आणि तास-दोन तासांच्या कामाची गरज असलेली छोटी ऑफिसंही कमी नाहीत. सीए आहेत, ठोक व्यापारी आहेत, पॅथॉलॉजी लॅब आहेत. तर जाहिरात देताना तास किती, बसून की उभ्यानं, आणि तासाचा दर किती, एवढं तरी लिहा. "पगार योग्यतेनुसार" वाचून आम्ही उन्हातान्हात येतो आणि तिथं गेल्यावर कळतं की उभं राहायचं आहे.

परवा सप्टेंबरच्या ऑडिटच्या गर्दीत साहेब म्हणाले, "आता पूर्णवेळ होऊन जा ना. काम तर चांगलं करून राहिला." मी नाही म्हणालो. आईला कळल्यावर घरात जे झालं ते विचारू नका. "लक्ष्मी दारात आली अन् तू तिले परत पाठवून राहिला!" दोन दिवस बोलली नाही. तिचं चूक आहे असंही म्हणवत नाही, तिनं मला रात्र-रात्र मेडिकलच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या, वॉर्डात धरून बसवलेलं आहे. पण पूर्णवेळ झालो की मी पुन्हा तोच शब्द देणार आणि पहिल्या गारठ्यात तो मोडणार. साहेबांना म्हटलं, हिवाळा निघू द्या, मग पाच तासांचं बोलू. ते म्हणाले, "पाच कर, पण अकरा अन् वीस तारखेला दगा देऊ नको." ते मला एकट्याला कबूल करता येत नाही, हे पुन्हा समजावलं. त्या दोन तारखांना आम्हा दोघांपैकी एक जण टेबलावर असेल, एवढं ताईंना विचारून वहीत लिहून दिलं आहे.