विरार फास्टला गर्दी का असते? दादरकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादरकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तावातावाने उत्तर लिहायला बसले आणि अर्ध्यावर पुसून टाकलं, कारण तुमच्या पहिल्याच मुद्द्यावर मला बोलायला जागा नव्हती.

आज हे वाचायला आलेल्यांसाठी थोडक्यात. मुलुंडचं 1 बीएचके सोडून आम्ही चेन्नईत नंगनल्लूरला 2 बीएचके भाड्याने घेतलं, आणि चौरस फुटामागे भाडं मुंबईच्या एक तृतीयांश पडतं, असं मी मागे लिहिलं होतं. त्यावर दादरकरांचं म्हणणं: हिशोब चुकला आहे, घरून काम करणाऱ्यांनी शहरांची तुलना करू नये, आणि मुख्य म्हणजे, "भाव जास्त म्हणजे मागणी जास्त, मागणी जास्त म्हणजे शहर चांगलं. चेन्नई स्वस्त आहे कारण तिथे कुणाला जायचं नाही."

हिशोब चुकला, मान्य. मुलुंडचं घर 420 फूट, भाडं 30 हजार. इथलं 950 फूट, भाडं 22 हजार. पण मुलुंडचे 420 कार्पेट, म्हणजे नुसती घराच्या आतली जागा, होते आणि इथले 950 सुपर बिल्टअप, म्हणजे जिना, लिफ्ट, पॅसेज, सगळ्यांचा वाटा धरून. परवा नवऱ्याने टेप लावून खोल्या मोजल्या, तर जेमतेम 700 भरल्या. रेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारा कायदा, येऊन इतकी वर्षं झाली, विक्रीत कार्पेट सांगावंच लागतं, पण भाड्याच्या जाहिरातींत जुनी सवय चालूच आहे आणि मी तिला फसले. तेव्हा फुटाला 71 रुपये विरुद्ध 23 नव्हे, 71 विरुद्ध 31. एक तृतीयांश नाही, निम्म्याहून थोडं कमी. मूळ लेखातला तक्ता बदलला आहे.

घरून कामाचंही खरं आहे. मला रोज बीकेसीतलं (वांद्रे-कुर्ला संकुल) ऑफिस गाठायचं असतं तर हा लेखच लिहिला नसता. आणि मुंबईची खरी ताकद मी त्यात लिहायलाच विसरले. नवरा-बायको दोघांनाही आपापल्या क्षेत्रातलं काम एकाच शहरात मिळणं, आणि नोकरी बदलली तरी मुलांची शाळा न बदलावी लागणं. चेन्नईत गाड्यांचे कारखाने आहेत, आयटी आहे, मोठी हॉस्पिटलं आहेत. तुमचं काम त्यात बसलं तर उत्तम. नाही बसलं तर मुंबईसारखे दहा दरवाजे इथे नाहीत.

पण तिसरा मुद्दा मला पटत नाही.

तुम्ही दादरचे. संध्याकाळी विरार फास्ट पकडणारी माणसं तुम्ही रोज बघता. त्या गाडीला गर्दी असते ती काय प्रवास सुखाचा असतो म्हणून? लोकांना तिकडे पोचायचं असतं आणि डबे मोजके असतात, म्हणून. गर्दीवरून गरज कळते, सुख कळत नाही. घरांच्या भावाचंही तसंच. किती लोक दाराशी उभे आहेत हे त्यात असतंच, पण दार किती अरुंद आहे हेही असतं. तुम्ही फक्त पहिली गोष्ट मोजता.

आता दार बघा. मुंबई महापालिकेची हद्द साधारण 438 चौरस किलोमीटर, चेन्नईची 2011 पासून 426. जवळपास सारखीच. त्याच वर्षीच्या जनगणनेत मुंबईत 1 कोटी 24 लाख माणसं, आणि चेन्नईच्या या वाढलेल्या हद्दीत सुमारे 67 लाख. शिवाय मुंबईच्या हद्दीत नॅशनल पार्क आहे, खाड्या आहेत, मिठागरं आहेत. चेन्नईला समुद्र एकाच बाजूला. बाकी तीन बाजूंना सपाट जमीन, तांबरम, आवडी, जिकडे हवं तिकडे पसरा.

हे झालं देवाने दिलेलं. उरलेलं आपण केलं. 1947 च्या भाडे कायद्याने मुंबईतली भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली, तेव्हा भाड्यासाठी चाळ बांधणं हा धंदाच बुडाला आणि पागडी, म्हणजे भाड्याची खोली घेताना एकरकमी मोठी रक्कम मोजणं, सुरू झाली. 1976 मध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायदा, म्हणजे शहरात एकाने किती मोकळी जमीन ठेवावी याची मर्यादा, आला. त्यातून गरिबांसाठी जमीन मोकळी व्हायची होती, ती बहुतेक कोर्टकज्ज्यात अडकली. तमिळनाडूने आपला तसला कायदा 1999 मध्ये मोडीत काढला. आपण 2007 उजाडेपर्यंत थांबलो. वर एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा, 1991 च्या नियमांत शहरात 1.33 आणि उपनगरात 1. इतकी माणसं, इतकी थोडी जमीन, आणि तिच्यावर उंचही बांधायचं नाही! पुढे टीडीआर, एसआरए, फंजिबल अशी जादा बांधकामाची एकेक खिडकी किलकिली केली, पण तोवर भाव व्हायचा तो झाला होता. आमच्या मुलुंडच्या घराच्या किमतीत या सगळ्या कायद्यांचा वाटा आहे. ती सगळी किंमत मुंबईच्या प्रेमाची नाही.

"मुंबईतलं घर म्हणजे सोनं" असंही तुम्ही लिहिलंत. सोनं कशात असतं? जमिनीत. ती कुणाच्या नावावर असते? आमची मुलुंडची सोसायटी 31 वर्षांची. बिल्डरने कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, करून दिलेलंच नाही. सातबारा म्हणा, प्रॉपर्टी कार्ड म्हणा, त्याचंच नाव. आता डीम्ड कन्व्हेयन्ससाठी, म्हणजे बिल्डरशिवाय सरकारकडून ते करून घेण्यासाठी, आमच्या घरमालकांसह सगळे खेटे घालताहेत. इथे चेन्नईत फ्लॅट बघायला गेलात की दलालही सगळ्यात आधी यूडीएस सांगतो, म्हणजे जमिनीतला तुमचा अविभक्त हिस्सा किती फूट. तो खरेदीखतात तुमच्या नावावर चढतो. हे कळलं तेव्हा मला जरा हेवाच वाटला. अर्थात त्यासाठी इथे मुद्रांक आणि नोंदणी मिळून 9 टक्क्यांपर्यंत मोजावे लागतात, हेही सांगायला हवं. स्वस्ताई सगळीकडे नाही.

आता माझ्याच बाजूला पडलेलं भोक. हे तुम्ही नीट दाखवलं नाहीत, पण तुमच्या शेवटच्या ओळीत ते होतं: "माझी मावसबहीण वेलाचेरीला होती, 2015 मध्ये तिला बोटीतून बाहेर काढलं." चेन्नईचं दार रुंद आहे ते काही फुकट नाही. दक्षिणेकडे शहर पसरलं ते पल्लीकरणैच्या दलदलीवर आणि एरींवर, म्हणजे पावसाचं पाणी साठवणाऱ्या जुन्या तलावांवर. पाणी मुरायची जागा बुजवून जी घरं उभी राहिली ती स्वस्त पडली. मग डिसेंबर 2015 मध्ये पूर आला, डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग वादळात पुन्हा आला. आणि 2019 च्या उन्हाळ्यात शहराचे चारही मोठे जलाशय कोरडे पडले, तेव्हा लोक रात्री टँकरची वाट बघत जागे होते. मुंबईने 26 जुलैचा पूर बघितला, पण भातसा आणि वैतरणा आटून शहराचे नळ असे बंद पडलेले मी तरी पाहिले नाहीत. तुम्ही म्हणता मुंबई महाग आहे कारण चांगली आहे. मी म्हणते चेन्नई थोडी स्वस्त आहे कारण तिने काही बिलं पुढे ढकलली आहेत. ती कोण भरणार हे भाडेकरारात लिहिलेलं नसतं.

भाषेचं, "तिथे मराठी माणसाला कोण विचारतो" वगैरे, त्यावर फार लिहीत नाही. घरमालकाने मासे खाता का विचारलं, ते मुलुंडच्या दलालानेही विचारलं होतं. डिपॉझिट मात्र सहा महिन्यांचं मागितलं. करारात वेगळं ठरलं नसेल तर इथला कायदा तीन महिन्यांचंच म्हणतो, हे दाखवल्यावर चारवर आले. तळमजल्यावरच्या आजी तंजावरी मराठी बोलतात. पहिले दोन आठवडे मला त्यांचं अर्धं कळत नव्हतं, त्यांना माझं.

एक विनंती आहे. तुमच्या मावसबहिणीला विचारून सांगाल का, पाणी कितव्या मजल्यापर्यंत आलं होतं, आणि पुढच्या वर्षी त्या इमारतीतली भाडी उतरली की नाही? उतरली असतील, तर भावाला निदान पूर कळतो असं म्हणता येईल, आणि तुमच्या गणिताला मी थोडे गुण देईन.