साताऱ्याचं घर बंद, नऱ्ह्यात भाड्याची खोली

रविवारी संध्याकाळी सहाला सातारा स्टँडवर येऊन बघा एकदा. स्वारगेट विनाथांबाची रांग पार गेटपर्यंत. सगळी पुण्यात नोकरीला असलेली पंचवीस-तिशीची पोरं, पाठीवर लॅपटॉप, हातात पिशवी, पिशवीत आईनं बांधून दिलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. परवा सव्वा तास उभा होतो. मग खंबाटकीच्या बोगद्याआधी गाडी ठप्प, खेड शिवापूरच्या टोलला ठप्प, नवले पुलाच्या उतारावर जीव मुठीत. पुण्यात नऱ्ह्याच्या खोलीवर पोचायला साडेअकरा. तोवर आईचे तीन फोन.

अंतर किती? 110 किलोमीटर! एवढ्यासाठी घर सोडावं लागतं?

रेल्वे आहे की, म्हणतात. कुठाय? स्टेशन माहुलीला, गावाबाहेर. रात्री उतरलात तर रिक्षावाला मागेल ते द्या. गाडी वाठार, लोणंद, नीरा, जेजुरी असा वळसा घालत शिंदवणे घाट उतरणार. 2024 च्या सप्टेंबरात वंदे भारत आली, तिलाही तीच वळणं. दुहेरीकरणानं क्रॉसिंगचं थांबणं कमी होईल, पण घाट सरळ होणार आहे का?

जपानमधलं मिशिमा टोकियोपासून 120 किलोमीटरवर. 1969 ला तिथं शिंकान्सेनचं, म्हणजे त्यांच्या बुलेट ट्रेनचं, स्टेशन झालं. आज लोक तासाच्या आत टोकियोत कामावर पोचतात आणि रात्री आपल्या घरी जेवतात. स्पेनमधल्या सिउदाद रेआलला 1992 ला वेगवान रेल्वे मिळाली, तिथून माद्रिद तासाभरावर आलं. म्हणजे गावात राहून शहरात नोकरी करता येते, फक्त तशी गाडी लागते.

आमच्याकडे गाडी नाही म्हणून माणसंच उचलून पुण्यात नेऊन टाकली. नऱ्हे, आंबेगाव, धायरी बघा. खिडकी उघडली की हातभर अंतरावर दुसऱ्याची खिडकी. पाण्याला टँकर. खोलीचं भाडं भरून उरतं काय? आणि इकडं आमच्या आळीत नऊ घरं, त्यातल्या पाच घरांत फक्त म्हातारी माणसं. एका घराला तर कुलूपच. पुणं फुगतंय ते असं, आमची घरं रिकामी करून.

मुंबई-हैदराबाद बुलेट ट्रेनचा आखलेला मार्ग पुण्यावरून सोलापूरकडं वळतो. सातारा-सांगली त्यात नाहीच. तरी माहुलीकडं 'स्टेशनपासून 5 मिनिटं' म्हणून प्लॉटिंगचे फलक लागलेत! रस्ता नाही, गटार नाही, स्टेशनला धड बस नाही, आणि भाव मात्र गुंठ्याला आमच्या आवाक्याबाहेर. उद्या खरंच वेगवान गाडी आली तरी स्टेशनभोवती काय वसवायचं हे प्लॉटवालेच ठरवणार, आणि माहुलीचंही नऱ्हे होणार.

आम्हाला ताशी 320 चा वेग नकोय हो. सव्वा तासात पुणं, सकाळी जायला आणि संध्याकाळी यायला नेमाची गाडी, पासाचे परवडतील असे पैसे, आणि माहुलीहून गावात यायला वेळेवर बस. एवढं द्या. नऱ्ह्याची खोली मी त्याच महिन्यात सोडतो.