खिशातला प्रोब

मी ब्रिटनमध्ये अतिदक्षता विभागात काम करतो. व्हायरल न्यूमोनियाचा रुग्ण आला की खिशातला सोनोग्राफीचा प्रोब फोनला जोडतो, जेल लावतो आणि बहुतेक वेळा पाठीपासून सुरुवात करतो, कारण हा आजार फुप्फुसांच्या कडेला, मागच्या-खालच्या भागात जास्त सापडतो. निरोगी फुप्फुसात आडव्या रेषा दिसतात. सूज आली की वरून खाली पांढरे पट्टे उतरतात, ते एकमेकांत मिसळले की आजार वाढलेला असतो, आणि फुप्फुस यकृतासारखं भरीव दिसू लागलं की माझा चेहरा पडतो. बारा जागा, बिघाडाप्रमाणे प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण ३६. क्ष-किरण नाहीत, त्यामुळे संध्याकाळी पुन्हा बघायला कुणाची हरकत नसते.

२०२१मध्ये, कोविडच्या काळात, तिकडे भारतात ज्याच्या-त्याच्या तोंडी फुप्फुस किती बिघडलंय ते सांगणारा, सीटी स्कॅनचा २५पैकीचा स्कोअर होता. वर्गमित्रांच्या ग्रुपवर मी शहाणपणाने विचारलं, "अरे, प्रोब का लावत नाही?" उत्तर आलं, "मशीन सील करून घ्यायचंय का?"

गर्भलिंगनिदान रोखणारा तिकडचा १९९४चा कायदा सोनोग्राफीचं मशीन आणि जागा दोन्हींची नोंदणी मागतो. पोर्टेबल मशीन नोंदलेल्या जागेबाहेर नेता येत नाही. फिरत्या वैद्यकीय पथकाचा तेवढा अपवाद. त्यात एमबीबीएस डॉक्टरसाठी २०१४च्या नियमांनी ठरवलेलं सहा महिन्यांचं प्रशिक्षण आहे पोट आणि ओटीपोटाच्या सोनोग्राफीचं! बघायचंय फुप्फुस, शिकायचं ओटीपोट.

पूर्वी मी यावर हसायचो. "परदेशात बघा," असं म्हणत कायदाच गुंडाळायला निघालेल्यांच्या बाजूने बोलायचोही. आता नाही. इथे विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत आईबापांनी विचारलं तर मुलगा की मुलगी ते बहुतेक ठिकाणी सांगतात, आणि पुढे नाव शोधण्यापलीकडे काही घडत नाही. माझ्या खिशातल्या मोकळीकीचं मूळ तिथे आहे, माझ्या हुशारीत नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१मध्ये ९४६ मुली होत्या, २०११मध्ये ८९४. आणि खिशात मावणारं मशीन म्हणजे तर त्या धंद्याला हवं तेच.

तरीही पहारा खोलीवर का, हा प्रश्न उरतोच. पहारा माणसावर आणि चित्रांवर ठेवता येईल: प्रोब प्रशिक्षित डॉक्टरच्या नावावर, प्रत्येक तपासणीची वेळेसकट पुसता न येणारी नोंद, आणि अभ्यासक्रमात छाती.

प्रोबला डोक्यावर घेण्याचंही कारण नाही. फुप्फुसाच्या आवरणापर्यंत न पोचलेला खोलवरचा डाग त्याला दिसत नाही. हृदय थकल्यावर फुप्फुसात पाणी साठतं, तेव्हाही तसेच पांढरे पट्टे उतरतात. नवख्याच्या हातात गुण कमीजास्त होतात. श्वासाची गती आणि ऑक्सिजन मोजण्याआधी प्रोब काढणाऱ्या ज्युनिअरला मी ओरडतो.

हे सगळं ग्रुपवर लिहिल्यावर त्याच मित्राने विचारलं, "तुझी चित्रं कुठे साठवतोस?" गर्दीच्या रात्री अर्धी कुठेच नाही. सकाळच्या राउंडला मी हातवारे करून पट्टे दाखवतो.